जळगाव विदर्भात नाही, आणि मी फुकट गेम खेळायला आलो नव्हतो

परवा रात्री मुंबईहून परत आलो, डोकं अजून तापलेलंच आहे. घरात कोणाशी धड बोललो नाही. आता लिहून टाकतो.

अमरावती एक्सप्रेसने पहाटे दादर, तिथून लोकलने गोरेगाव. तिथे गेम मशीनचं प्रदर्शन होतं, आणि जळगावात माझा गेम झोन आहे. मिस्त्रीला बरोबर नेलं होतं, कारण मशीन विकत मी घेतो, पण वर्षभर जिवंत ठेवतो तो. यंदा सुट्ट्यांच्या आधी दोन सीटचं रेसिंग मशीन घ्यायचंच, असं ठरवून गेलो होतो. पैसे जमवून ठेवले होते. उगाच बघायला गेलो नव्हतो, हे आधी सांगतो.

त्या मशीनसमोर आम्ही पन्नास मिनिटं उभे होतो. पुढे कोण? कॉलेजची पोरं, स्टॉलवाल्यांचीच मुलं, आणि गोल लाइट घेऊन आलेली रीलवाली मंडळी. त्यांच्यासाठी मशीन फ्री प्लेवर चालू. एकजण तर तीनदा बसला, कारण पहिल्या दोन वेळा व्हिडिओ नीट आला नाही म्हणे. स्टॉलवरचा पोरगा त्याला हसून हसून पाणी देत होता. आमच्याकडे एकदाही बघितलं नाही. माझ्या गळ्यातल्या पट्ट्यावर ‘गेम झोन चालक’ असं छापलेलं होतं. ते वाचायचं कोणी?

शेवटी नंबर लागला. मी सीटवर बसलो, मिस्त्री खाली उकिडवा. स्टीअरिंग हातात घेतलं आणि दोन सेकंदांत कळलं, मधोमध चांगलं दोन बोटं ढिलं आहे. नवं मशीन, प्रदर्शनातलं, आणि स्टीअरिंगला प्ले! मिस्त्रीने ब्रेकचं पेडल हाताने दाबून बघितलं, ते सरळ परत येईना, एका बाजूला घासत होतं. तो खालचा पॉट, म्हणजे पेडल किती दाबलं ते मोजणारा भाग, बघायला वाकला, तेवढ्यात पोरगा धावत आला. ‘सर, प्लीज हात लावू नका.’

अरे, हात लावायलाच तर आलो आहोत! पावणेपाच लाखांची वस्तू घेणारा माणूस हात लावणार नाही तर काय लांबून ओवाळणार? बैल घेताना माणूस दात बघतो, चालवून बघतो. आम्हाला म्हणे दीड मिनिट गाडी चालवा आणि उठा. दीड मिनिटातही शेवटचे वीस सेकंद पडद्यावर त्यांची जाहिरातच!

मी म्हटलं, मागचं दार उघडून दाखव. ‘अलाउड नाही सर, डेमो पीस आहे.’ मला वायरिंग बघायचं आहे, अर्थिंग कुठे दिलंय, फ्यूज कुठे आहे, एसएमपीएसला, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याला, हवा कुठून मिळते. राजकोटला मे 2024 मध्ये गेम झोन जळून खाक झाला, लहान लहान मुलं गेली. ती बातमी आली त्या रात्री मी एकटा दुकानात बसून एकेक प्लग हाताने चाचपत होतो, कुठला गरम लागतो का बघत. माझ्याकडे रविवारी पन्नास-साठ लेकरं असतात, आणि त्यांच्या आया माझ्या भरवशावर खाली बाजारात जातात. मी वायर बघायची नाही तर कोणी बघायची? आणि हे विचारलं की हे लोक असं बघतात, जणू मी त्यांची तिजोरी उघडायला सांगितली.

मग मी विचारलं, 45 डिग्रीत चालेल का? पोरगा हसला. खरंच हसला. ‘तिकडे एसी नाही का सर?’ एसी आहे रे. पण मे महिन्यात दुपारी लाइट गेली की एसी बंद, आणि भुसावळ-जळगावच्या उन्हात पत्र्याखालचा मजला पाच मिनिटांत भट्टी होतो. जनरेटरवर मशीनं चालतात, एसी ओढत नाही. व्होल्टेज कधी 170, कधी 260. या गोष्टी मशीन बनवणाऱ्याला माहीत नकोत? मिस्त्री माझ्या कानात म्हणाला, ‘भाऊ, हाई मशीन आपला उन्हायामा टिकाव नही.’ त्याला दीड मिनिटात जे कळलं, ते त्या स्टॉलवरच्या सहा जणांना विचारूनही सांगता येईना.

सर्व्हिसचं विचारलं. ‘पुण्याहून इंजिनिअर येईल, व्हिजिट चार्ज वेगळा.’ किती दिवसांत? ‘ते शेड्यूलवर आहे.’ आणि मग त्याने वही काढली, गावाचं नाव विचारलं, मी जळगाव सांगितलं, आणि तो म्हणाला, ‘जळगाव... म्हणजे विदर्भ ना? मग ते नागपूर ऑफिस बघेल.’

इथे माझं सटकलं.

विदर्भ? मलकापूर आलं की विदर्भ सुरू होतो. आम्ही अलीकडे आहोत, महसुली विभाग नाशिक! 1906 साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले. पूर्व खान्देश म्हणजे जळगाव, पश्चिमेतून धुळे, आणि 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. शाळेतल्या पोराला विचारा. या माणसाला आम्हाला मशीन विकायचं आहे आणि आम्ही नकाशावर कुठे आहोत याचा पत्ता नाही. मी चारचौघांत आवाज चढवला, आजूबाजूचे थांबून बघायला लागले, मिस्त्रीने दंड धरला. बघू देत. विदर्भाशी माझं भांडण नाही, अकोल्यात माझी बहीण दिलेली आहे. पण एप्रिलच्या भर हंगामात मशीन बंद पडल्यावर मी नागपूरला फोन लावायचा, नागपूरने पुण्याला, पुण्याने मुंबईला, आणि तोवर माझी सुट्टी संपलेली!

हे मी एकदा भोगलेलं आहे. तीन वर्षांपूर्वी अशाच एका स्टॉलवरून टेडी उचलायचं मशीन घेतलं. तिथे पंजा दर दुसऱ्या खेपेला टेडी आणत होता. घरी आणलं, जोडलं, तर पंजा टेडीला नुसता कुरवाळून परत. सेटिंगचा मेन्यू उघडला तर सगळा चिनी भाषेत. पकड व्होल्टेजवर असते, किती खेळांमागे एक बक्षीस सुटायचं ते आकड्यावर असतं, हे आम्हालाही माहीत आहे. पण तो आकडा कुठल्या ओळीत आहे ते सांगणारा माणूस फोनच उचलत नव्हता. मिस्त्रीने मोबाइलचा कॅमेरा लावून एकेक ओळ वाचून काढली, दोन रात्री गेल्या. त्याच मशीनचा बोर्ड पुढच्या एप्रिलमध्ये गेला आणि पाच आठवडे ते झाकून ठेवावं लागलं. पिंप्राळ्याचा एक पोरगा दर रविवारी वीस रुपये मुठीत घेऊन यायचा. कापड वर करून आत बघायचा, विचारायचा, ‘काका, कधी सुरू होईल?’ त्याला मी काय सांगायचं? शेड्यूलवर आहे म्हणून?

माझे वडील आकाशपाळणा घेऊन फिरायचे. अमळनेरला सखाराम महाराजांची यात्रा, सारंगखेडा, मुक्ताईनगर. नवा पाळणा घ्यायचा तर आधी रिकामा फिरवायला लावायचे आणि बेअरिंगच्या आवाजाला कान द्यायचे. मग प्रत्येक खुर्चीत वाळूचं पोतं ठेवून परत फिरवायचे. विकणारा अर्धा दिवस शेजारी उभा राहायचा, चहा पाजायचा, नटबोल्ट स्वतः आवळून दाखवायचा. त्याला माहीत होतं, यात उद्या माणसं बसणार आहेत.

1972 मध्ये अटारी या अमेरिकन कंपनीने ‘पाँग’ या व्हिडिओ गेमचं मशीन कॅलिफोर्नियातल्या एका बारमध्ये ठेवलं. काही दिवसांनी ते बंद पडल्याचा निरोप आला. दुरुस्त करायला जाऊन बघतात तर नाण्यांनी डबा भरून वाहत होता. या धंद्याची सुरुवातच अशी झाली! खरं गिऱ्हाईक खेळलं तेव्हा मशीन कळलं. मग एक मशीन पंधरा दिवस माझ्याकडे ठेवा ना. डिपॉझिट देतो, भाडं देतो. हेही मी त्या स्टॉलवर बोललो. उत्तर काय, तर ‘टियर थ्रीसाठी आमच्याकडे रिफर्बिश्ड लाइन आहे सर.’ टियर थ्री म्हणजे आमच्यासारखी लहान शहरं, आणि रिफर्बिश्ड म्हणजे मॉलमध्ये घासून झिजलेला माल रंग मारून आमच्या गळ्यात. तिकिटावर 18 टक्के जीएसटी मी मॉलवाल्याइतकाच भरतो. आमच्या मुलांना झिजलेलं स्टीअरिंग का? त्यांनी काय पाप केलं?

आणि ते दारावरचे गार्ड. सकाळी आईने दिलेला डबा होता, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. ‘बाहेरचं खाणं आत नेता येणार नाही.’ भाकरी बाहेरच ठेवायला लावली. दुपारी आत अडीचशे रुपयांना दोन गार सँडविच घेतली. संध्याकाळी बाहेर आलो तर डबा जागेवर नव्हता. डबा पितळी होता, वडिलांच्या वेळचा, यात्रेत त्यांच्याबरोबर फिरलेला. घरी आल्यावर आईने पहिलं तेच विचारलं.

आज सकाळी दुकान उघडत होतो, तेवढ्यात मोबाइल वाजला. त्याच स्टॉलचा मेसेज, वर माझं नाव अर्धं चुकलेलं. ‘विदर्भातील ग्राहकांसाठी खास सवलत, फक्त 31 मार्चपर्यंत.’

नंबर ब्लॉक केला. मिस्त्री जुन्या रेसिंग मशीनचं मागचं दार उघडून बसलाच होता, मी त्याच्यासाठी बॅटरी धरली. स्टीअरिंगचा बुश तो लेथवर करून आणणार आहे.