एक केबल तुटली की अख्खा पूल नदीत? आत्या, थांब जरा

‘केबलचे पूल धोक्याचे’ असा तो मेसेज आत्याने काल चौथ्यांदा पाठवला. केबलचा पूल म्हणजे उंच मनोऱ्यापासून निघालेल्या तिरक्या केबलनी रस्ता थेट धरून ठेवलेला पूल. आता तर ती केबलच्या पुलावरून गाडी नेऊच देत नाही, लांबच्या जुन्या पुलावरून वळसा घालायला लावते. म्हणून हे लिहितोय.

मेसेजचा मुख्य दावा असा: ‘सगळा पूल केबलवर लटकलेला असतो. एक तुटली की बाकीच्या धडाधड तुटतात.’ अहो, केबल म्हणजे एक जाड तार नव्हे. आत डझनावारी स्ट्रँड, आणि एकेक स्ट्रँड म्हणजे सात तारांचा पीळ. अमेरिकेतल्या पोस्ट-टेन्शनिंग इन्स्टिट्यूटच्या नियमावलीत तर अटच आहे की कुठलीही एक केबल अचानक गेली तरी पूल उभा राहिला पाहिजे. तुटण्याचा हादरा म्हणून तिच्या ताणाच्या दुप्पट जोर धरून हिशेब करायचा. केबल बदलावी लागणार हेही आधीच धरलेलं असतं. आणि कागद सोडा. ग्रीसमधला रिओ-अँटिरिओ पूल २००४ मध्ये सुरू झाला. जानेवारी २००५ मध्ये वीज पडून त्याची एक केबल पेटली आणि तुटून खाली आली. पूल आजही उभा आहे.

इटलीतल्या जेनोआचं नाव मेसेजात आहे, ते मात्र खरं. १४ ऑगस्ट २०१८ ला तिथला पूल पडला, ४३ माणसं गेली. पण तो १९६७ चा होता, मनोऱ्याच्या एकेका बाजूला केबलची एकच जोडी, तीही काँक्रीटमध्ये गाडलेली. आतला गंज दिसणार कसा? आजच्या पुलांना एवढ्या केबल लावतात त्या उगाच नाही.

‘केबल हलतात म्हणजे सैल आहेत.’ हलतात, कबूल. पावसाचं पाणी केबलवरून ओघळतं, तिचा आकार वाऱ्यासाठी बदलतो आणि ताणलेली केबलही थरथरते. त्यासाठीच आवरणावर मळसूत्रासारखी उंच रेघ असते आणि खालच्या टोकाशी थरथर शोषणारा डँपर.

‘बांधताना दोन्ही टोकं अधांतरी होती!’ असणारच. मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना तोल सांभाळत एकेक तुकडा जोडत जातात, त्याची केबल ताणतात, मग पुढचा तुकडा. तराजूसारखं. नदीत आधाराचं जंगल उभारावं लागत नाही.

‘नुसती शोभा’ म्हणणाऱ्यांनी चीनमधल्या यांगत्से नदीवरचा सुतोंग पूल बघावा: दोन मनोऱ्यांमध्ये १०८८ मीटर, खालून जहाजं जातात.

आणि सोबतचा तो हेलकावे खाणारा व्हिडिओ? अमेरिकेतला टॅकोमा पूल, १९४०. तो झुलता पूल आहे, आत्या, मनोऱ्यांवरून सोडलेल्या मोठ्या केबलला रस्ता टांगलेला. वेगळी जातच.