पाण्यात घालून बघू देत नाहीत, आणि पाण्यात घातलं की परत घेत नाहीत

माझी मागणी काही जगावेगळी नाही. हॉलमधल्या छोट्या खाऱ्या पाण्याच्या टँकला लावायला एक प्रोटीन स्किमर, म्हणजे माशांची घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र, हवा, आणि रात्री त्याचा आवाज येता कामा नये. एवढंच. पण ही एवढीशी गोष्ट ना इंदूरच्या दुकानांत मिळते, ना ऑनलाइन, आणि आता माझं डोकं फिरलंय.

ज्या त्या खोक्यावर 'सायलेंट' छापलेलं. किती डेसिबल ते विचारा, की समोरचा गप्प. एसी घ्यायला गेलं तर इनडोअर युनिटचा आवाज किती, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत घालून दिलीय, म्हणजे रस्त्यासाठीसुद्धा आकडा आहे. आणि जे यंत्र चोवीस तास, वर्षाचे बारा महिने माणसाच्या उशापाशी चालणार, त्याला आकडा नाही! एका खोक्यावर होता, '३५ डेसिबलपेक्षा कमी'. कुठून मोजलं? एका मीटरवरून की तीन मीटरवरून? मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मग अंतर न सांगता छापलेल्या आकड्याचं मी काय करू? आणि मोजताना ते यंत्र फोमच्या गादीवर ठेवलं होतं की काचेला अडकवलं होतं, तेही कळायला नको का?

कारण सगळा खेळ तिथेच आहे. मोठ्या टँकवाल्यांचं बरं असतं. त्यांचा स्किमर खालच्या कपाटात, संपमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या पाण्याच्या दुसऱ्या पेटीत बसतो. वर काच, खाली प्लायवूड, मध्ये दार. थोडा आवाज झाला तरी दाराआड. छोट्या टँकला कपाटही नाही आणि संपही नाही. माझा टँक सत्तर-पंचाहत्तर लीटरचा, हॉलच्या भिंतीला लागून. स्किमर एक तर मागच्या काचेला लटकवायचा, नाही तर टँकच्या आतच बसवायचा. म्हणजे शांत यंत्राची खरी गरज छोट्या टँकला. आणि कंपन्या करतात काय? मोठ्या मॉडेलना चांगला डीसी पंप, वेग कमी-जास्त करायला कंट्रोलर, हवेच्या नळीला सायलेन्सर. छोट्या मॉडेलमध्ये मिळेल तो स्वस्तातला, घरच्या विजेवर थेट चालणारा एसी पंप कोंबायचा आणि वर तोच 'सायलेंट'चा शिक्का मारायचा. छोटा टँक म्हणजे नवशिका, त्याला काय कळतंय, असा हिशेब असणार. अहो, छोटा टँक म्हणजे छोटं घर! आमच्या लोकमान्य नगरातल्या फ्लॅटमध्ये सासूबाई हॉलमधल्या दिवाणावर झोपतात. त्यांची झोप आधीच सावध. टँक आणि त्यांची उशी यांत जेमतेम पाच-सहा फूट.

आवाज म्हणजे तरी एक असतो का? मी रात्री दिवे घालवून, टँकला कान लावून सध्याचा स्किमर ऐकलाय. पहिला हवेचा. पंपाच्या पात्याला सुया असतात, ती फिरताना नळीतून हवा ओढते आणि तिचे बारीक बुडबुडे करते. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की सुस्कारा तत्काळ थांबतो, आणि दुसऱ्याच क्षणी नळकांड्यातलं दुधाळ पाणी स्वच्छ दिसायला लागतं, म्हणजे काम बंद. या नळीत खारं पाणी शिंतडून मीठ साचलं की आवाज बदलतो. थेंब आत अडकला की हुक्का ओढल्यासारखी गुरगुर, थांबते, पुन्हा सुरू. लागोपाठच्या आवाजाची सवय होते, थांबून-थांबून येणाऱ्याची होत नाही. दुसरा पाण्याचा. स्किमरमधून पाणी परत टँकमध्ये पडतं तिथली खळखळ. हा त्यातल्या त्यात सोसण्यासारखा. तोटी पाण्याखाली नेली की बराच कमी होतो.

तिसरा पंपाच्या घुमण्याचा, आणि तोच जिवावर येतो. तळहात काचेवर ठेवला तर बोटांना झिणझिण्या कळतात. दोन बोटांनी स्किमर काचेवरून केसभर उचलून धरा, घूंऽऽ निम्म्याच्या खाली. सोडा, पुन्हा सुरू. म्हणजे पंप जेवढा वाजतो त्याहून जास्त काच वाजते. अडकवायच्या हुकाखाली रबराची एक जाड पट्टी दिली असती तर! किती खर्च आला असता? आठ-दहा हजारांच्या यंत्राला ती देववत नाही. मी स्वतः सिलिकॉनचे तुकडे कापून लावलेत, हवेच्या नळीला लांब सिलिकॉन ट्यूब जोडून तिचं तोंड भोक पाडलेल्या छोट्या बाटलीत सोडलंय. फरक पडला, पण हे मी का करायचं?

आता खरेदीचा प्रकार ऐका. दुकानात गेलं की, "दीदी, एकदम साइलेंट है, पता ही नहीं चलेगा." ठीक, चालवून दाखवा. "सूखा नहीं चला सकते, पंप जल जाएगा." बरोबर आहे, या पंपांना पाण्याचंच वंगण असतं, कोरडे चालवायचे नसतात. मग पाण्यात दाखवा. तर दुकानातले सगळे टँक गोड्या पाण्याचे. फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, गप्पी. समुद्र इथून शेकडो किलोमीटर, खाऱ्या पाण्याचा धंदा करणारे मोजके, मान्य. पण गोड्या पाण्यात स्किमर बघून उपयोग नाही. मिठाच्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, एकमेकांत चटकन मिसळत नाहीत. म्हणून तर माशांच्या घाणीतली प्रथिनं त्यांना चिकटून फेसाबरोबर वरच्या कपात चढतात. गोड्या पाण्यात तो फेस धरतच नाही, आवाजही निराळा येतो.

बरं, घरी नेऊन लावते, वाजला तर परत आणते. "पानी में डाला हुआ माल वापस नहीं होता." म्हणजे पाण्यात घातल्याशिवाय आवाज कळणार नाही, आणि पाण्यात घातला की परत नाही! हे ऐकून मी दुकानातच आवाज चढवला. सोबत आलेला भाचा मावशी, मावशी म्हणत बाहेर घेऊन गेला, म्हणून विषय तिथे थांबला.

ऑनलाइन याच्यावर कडी. परतीची मुदत सात दिवस. तक्रार केली तर उत्तर येतं, "नवीन स्किमरला बसायला वेळ लागतो, पंधरा दिवस चालू द्या." यातली अर्धी गोष्ट खरी आहे. नव्या अॅक्रिलिकवर कारखान्यातला तेलकटपणा असतो, तो जाईपर्यंत आणि आतून पातळ थर धरेपर्यंत फेस नीट बसत नाही, बारीक बुडबुडे टँकभर उडतात. पण ही गोष्ट फेसाची! पंपाच्या घुमण्याचा त्याच्याशी काय संबंध? फेस बसतो, पंप नाही बसत. हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं, तरी पंधरा दिवस सांगतो, कारण सातव्या दिवशी त्याची सुटका होते. याला मी फसवणूकच म्हणते.

आणि तो अमेरिकी मालवाला. "इंपोर्टेड पीस है, कन्वर्टर लगा लो." पंप ११० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. कन्व्हर्टर म्हणजे ट्रान्सफॉर्मर, तो व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तसेच राहतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. असला साधा एसी पंप विजेच्या तालावरच फिरतो. तिकडे मिनिटाला ३६०० फेरे घेणारा इथे ३००० घेणार. हवा कमी ओढणार, फेसाची पातळी बिघडणार, आणि वर ट्रान्सफॉर्मरची स्वतःची घूंऽऽ फुकटात. आवाज कमी करायला आलेल्या बाईला हा माणूस दोन आवाज विकत होता! मी हे सगळं समजावून सांगितलं, तर म्हणाला, "भैयाजी को भेज दीजिए, उनको समझा दूँगा." टँक माझा आहे. मीठ मी कालवते, खारटपणा (पाण्याची विशिष्ट घनता) १.०२५ वर मी ठेवते, कपातली ती काळपट हिरवी घाण मी धुते. भैयाजींना कशाला पाठवू?

इन्व्हर्टरचंही कोणी सांगत नाही. स्क्वेअर वेव्हवाल्या स्वस्त इन्व्हर्टरवर पंखा जसा भणभणतो तसाच एसी पंपही भणभणतो. म्हणजे दिवसा जेमतेम सोसवणारा स्किमर रात्री वीज गेली की सगळं घर उठवतो. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर तो त्रास नाही. ही एक ओळ खोक्यावर छापता येत नाही?

यावर सल्लागार आहेतच. पहिला म्हणतो, "रात्री टायमरने बंद कर." का करू? दिवे गेले की टँकमधलं शेवाळ आणि कोरल ऑक्सिजन देणं थांबवतात, उलट सगळेच ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो, पीएच उतरतो. स्किमरमधून पाण्यात जी हवा कालवली जाते तिची खरी निकड रात्रीच असते. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसला टेकतो, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी मावतो. तेव्हा क्लाउनफिशची ती जोडी रात्रभर तशीच सोडू? दुसरा म्हणतो, "एवढ्याशा टँकला स्किमर लागतोच कशाला? आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी बदल." हे चुकीचं नाही. थोडे मासे, मोजकं खाणं आणि न चुकता पाणी बदलणं, यावर कित्येक छोटे टँक छान चालतात. पण नर्मदेचं पाणी सत्तरेक किलोमीटरवरून चढवून इंदूरला येतं, त्यातलं आरओमध्ये निम्म्याहून जास्त वाया घालवायचं आणि उरलेल्यात महागाचं मीठ कालवायचं. ते मी करतेच. मला त्याखेरीज स्किमर हवाय, आणि हवाय म्हटल्यावर तो शांत असावा ही अपेक्षा जास्त आहे का?

'४०० लीटरपर्यंतच्या टँकला चालतो' या खोक्यावरच्या दाव्यावर तर बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. पण बोलते. हे लीटर मोजायचं कुठलंही सर्वमान्य माप नाही. मासे किती, खाणं किती, काही नाही, कंपनीला वाटेल तो आकडा. मग लोक खबरदारी म्हणून टँकच्या दुप्पट क्षमतेचा घेतात. मोठा पंप, जास्त आवाज. आणि छोट्या टँकमध्ये घाण पुरेशी नसली की तो धड फेसही धरत नाही. खोट्या आकड्यापायी पैसे जास्त, आवाज जास्त, काम कमी.

वर्षभराने पंपाचं पातं ज्यावर फिरतं ती सिरॅमिकची दांडी झिजते किंवा तडकते आणि पंप खडखडायला लागतो. दांडी आणि पातं एवढं बदललं की झालं. पण सुटा भाग मागितला की उत्तर ठरलेलं, "पूरा नया ले लो." दर दोन महिन्यांनी मी पंप उघडून व्हिनेगरच्या पाण्यात बुडवते, कॅल्शियमचा पांढरा थर काढते, हवेची नळी गरम पाण्याने धुते. जे माझ्या हातात आहे त्यात मी कसूर करत नाही. दांडी मी घरी कशी बनवू?

आता यापुढे माझी अट एकच, आणि ती मी प्रत्येक दुकानदाराला सांगणार आहे. बादली मी आणीन. १० लीटर पाण्याला साडेतीनशे-चारशे ग्रॅम मीठ लागतं, ते माझं. पंप ५० हर्ट्झचा आहे हे आधी लेबलवर दाखवायचं. सकाळी वर्दळ सुरू व्हायच्या आत शटर अर्धं खाली ओढायचं, पंखा बंद करायचा, यंत्र बादलीच्या काठाला अडकवून दहा मिनिटं चालू ठेवायचं आणि मी शेजारी स्टूल घेऊन बसणार. फेस नाही धरला तरी चालेल, पंप ऐकू आला नाही पाहिजे. पसंत पडला तर पैसे तिथल्या तिथे, घासाघीस न करता. ज्याला हे जमत नसेल त्याने मला 'साइलेंट है' सांगू नये.