केळ्याला टाके आणि ऑक्सफर्डची चव

तुमच्या घरात सोळा-सतरा वर्षांचं मूल आहे का? आहे ना? मग ते अजून घरात काय करतंय? पाठवा त्याला इंग्लंडला, चव बघायला. युनिव्हर्सिटीची चव हो. इथे त्याला टेस्टर म्हणतात, आणि चार दिवस राहून चव बघायची असेल तर समर रेसिडेन्शियल. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊ गावातले सिक्स्थ फॉर्मवाले आईबाप, म्हणजे ज्यांची पोरं आपल्या हिशोबाने अकरावी-बारावीत आहेत ते, ख्रिसमस उलटला की दुसरं काही बोलतच नाहीत, अगदी तिळगूळ हातात घेऊनसुद्धा. आणि यंदा जुलैत तर माझी प्रॅक्टिकलच झाली, कारण पुण्याहून माझा भाचा दोन आठवडे ऑक्सफर्ड चाखायला आला होता आणि लोकल गार्डियन म्हणून फॉर्मवर सही माझी होती. तेव्हा अनुभवाचे चार बोल सांगते, नीट ऐका.

पहिली गोष्ट, जे फुकट आहे तिकडे ढुंकूनही बघायचं नाही. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटीचा स्वतःचा 'युनिक' नावाचा कार्यक्रम आहे, 2010 पासून चाललाय, इथल्या सरकारी शाळांतल्या इयर 12 च्या, म्हणजे आपल्या अकरावीच्या, मुलांसाठी. शिकवणं, राहणं, खाणं, येण्याजाण्याचं भाडं, सगळं तेच करतात. सटन ट्रस्ट म्हणून एक संस्था आहे, ती 1997 पासून वेगवेगळ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये अशीच फुकट समर स्कूल्स भरवते. पण आता तुम्हीच सांगा, फुकट गोष्टीला काय किंमत असते? सोसायटीत सांगणार काय? शिवाय यांचे प्रश्न बघा: आईवडील पदवीधर आहेत का, मुलाला शाळेत फुकट जेवण मिळतं का, पोस्टकोड कुठला आणि त्या भागातली किती मुलं पुढे युनिव्हर्सिटीत जातात. पॅकेज किती, गाडी कुठली, एक शब्द नाही. असा अपमान कोण सहन करेल?

तरीपण अगदीच मोह झाला तर मार्ग आहे. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी मला सांगितला, माझ्या लेकीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा. म्हणाल्या, "अगं, 'आईवडिलांची डिग्री' समोर नाही म्हणून टाक की. आपल्या डिग्र्या इंडियातल्या, त्या इथे कोण धरतंय?" माझी पुणे विद्यापीठाची एमएस्सी, नवऱ्याचं इंजिनीअरिंग, दोन्ही सर्टिफिकिटं लॅमिनेट करून फाइलमध्ये आहेत, त्याच डिग्र्यांवर व्हिसा मिळाला, त्याच डिग्र्यांवर घर घेतलं, पण फॉर्मपुरतं आम्ही अशिक्षित! छान आहे की नाही. मी म्हटलं, काकू, ती जागा कोणासाठी ठेवलीय माहितीये का तुम्हाला? तर म्हणाल्या, "जाऊ दे गं, सगळेच करतात."

सगळे करत नाहीत. लेकीच्या वर्गात एक मुलगी आहे, आई रात्रपाळीला गोडाऊनमध्ये, बाबा टॅक्सी चालवतात. ती गेली होती अशाच एका रेसिडेन्शियलला. परत आल्यावर आमच्या किचनमध्ये बसून टोस्ट खाताखाता मला सांगत होती, लेक्चर्स कशी होती, लॅब कशी होती ते राहिलं बाजूला, पहिलं वाक्य काय तर, "आंटी, तिथे मला माझी एकटीची खोली होती. आतून लॉक होत होती." घरी तिघी बहिणी एका खोलीत. आता त्या खोलीत काकूंची मुलगी झोपली असती, जिच्या घरी तिची स्वतःची खोली आहे आणि शिवाय एक गेस्ट रूम आहे. असो. मी सल्ला देत होते.

तर आपल्यासारख्यांनी पैसे भरून जायचं. त्यासाठी शोधाशोध करायला लागत नाही, तेच तुम्हाला शोधत येतात. मेल येतं की तुमच्या पाल्याची निवड झाली आहे. कोणी केली, कशावरून केली, आपण काही पाठवलंच नव्हतं, असले प्रश्न मनात आणू नका. जागा मर्यादित असतात. मुदत शुक्रवारी संपते. शुक्रवारनंतर पुढचा शुक्रवार असतो, पण ते तुम्हाला डिपॉझिट भरल्यावर कळेल.

वेबसाइटच्या तळाची बारीक अक्षरं वाचू नका, उगाच चष्म्याचा नंबर वाढतो.

आता व्याकरण. शाळेत विभक्ती घोकली होती ना? या सगळ्या धंद्याचं मर्म त्यात आहे. प्रोग्रॅम असतो 'ऑक्सफर्डात'. सप्तमी. आपण वाचतो 'ऑक्सफर्डचा'. षष्ठी. सुट्टीत कॉलेजं रिकामी असतात, ती खोल्या आणि हॉल भाड्याने देतात, कंपनी ते घेते आणि गावाचं नाव लावते, गाव काय कोणाच्या मालकीचं नाही. युनिव्हर्सिटी स्वतः सांगते की या खाजगी समर स्कूल्सशी आमचा संबंध नाही आणि इथे येऊन गेल्याने ॲडमिशनला काही फायदा होत नाही. पण त्यांचं कोण ऐकतं. आपण सात लाख रुपये सप्तमीला देतो आणि षष्ठी घेऊन घरी येतो.

हो, सात लाख. सहा हजार पाउंड दोन आठवड्यांचे, विमान आणि व्हिसा वेगळा. मी एकदा रात्री झोप येईना म्हणून हिशोब केला. इथल्या मुलाची युनिव्हर्सिटीची अख्ख्या वर्षाची फी 2025-26 ला 9,535 पाउंड. ऑक्सफर्डच्या टर्म तीन, प्रत्येकी आठ आठवडे, म्हणजे चोवीस आठवडे, आठवड्याला पडले चारशे पाउंड. खऱ्या प्रोफेसरांसकट. आणि हे चव बघायचे आठवड्याला तीन हजार. राहणं-खाणं धरलंय त्यात, मान्य, परदेशी मुलांची फी कितीतरी जास्त असते तेही मान्य. पण मिठाईवाला चव बघायला म्हणून बर्फीचा तुकडा हातावर ठेवतो, तो काय त्याचे अख्ख्या किलोचे पैसे घेतो?

विषय निवडताना मुलाला विचारू नका. भाच्याला भाऊजींनी विचारलं नाही, मेडिसिन निवडलं. स्क्रब्ज, म्हणजे ऑपरेशन करताना डॉक्टर घालतात ते कपडे, मिळाले, गळ्यात अडकवायला स्टेथोस्कोप मिळाला, आणि चौथ्या दिवशी टाके घालायला शिकवलं. केळ्यावर. सोळा वर्षांच्या पोराला कोण खऱ्या वॉर्डात सोडणार, तेव्हा केळं हे बरोबरच आहे, खरे मेडिकलचे विद्यार्थीसुद्धा केळ्यावर हात बसवतात. पण ते केळ्याचे साठ-सत्तर पेन्स देतात. त्याने मला फोटो पाठवला, निळ्या दोऱ्याने सात टाके, अगदी व्यवस्थित, आणि खाली लिहिलं होतं, "पेशंट वाचला नाही, खाल्ला."

ऑक्सफर्डच्या मेडिसिनला बाहेरच्या देशांतल्या मुलांना वर्षाला फार तर 14 जागा असतात, सगळं जग मिळून. हे भाऊजींना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हणूनच तर आत्तापासून पाठवतोय." यावर मी काय बोलणार.

जेवणाची काळजी करू नका, व्हेजिटेरियनचा कॉलम भरला की झालं. त्या कॉलमचा अर्थ जॅकेट पोटॅटो, सालासकट भाजलेला बटाटा. पहिल्या दिवशी बीन्स घालून, दुसऱ्या दिवशी चीज घालून, तिसऱ्या दिवशी परत बीन्स, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी सहाला भाच्याचा फोन, आवाज एवढासा, "मावशी, तू किती लांब आहेस?" मी ऑफिसचा कॉल अर्धवट सोडला, दहा पोळ्या लाटल्या, बटाट्याचीच भाजी केली (घरात दुसरं काही नव्हतं, पण निदान फोडणीची होती), स्टीलच्या डब्यात भरली, लोणच्याची बाटली घेतली आणि एम-40 मोटरवेवरून तासाभरात गेटवर हजर. तिथे त्यांचा मेंटॉर. वीस वर्षांचा असेल, हातात क्लिपबोर्ड. म्हणे मुलाला बाहेर नेता येणार नाही, ऑफिसची परवानगी लागते, ऑफिस पाचला बंद होतं. मी म्हटलं, बाळा, मी त्याची गार्डियन आहे, फॉर्मवर माझीच सही आहे. तो म्हणाला, फॉर्म ऑफिसमध्ये आहे. ऑफिस बंद आहे. म्हणजे पोराला काही झालं तर बोलवायला मी, आणि पोराला भूक लागली तर मी कोण? सहा हजार पाउंड घेता, एक माणूस संध्याकाळी फोन उचलायला ठेवता येत नाही? तुमच्या ब्रोशरमध्ये 'चोवीस तास देखरेख' लिहिलंय, ती हीच का, की पोरगं आत उपाशी आणि मावशी बाहेर डबा घेऊन उभी? पस्तीस मिनिटं. पस्तीस मिनिटं मी त्या दगडी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या शेजारून जपानी टुरिस्ट फोटो काढत जात होते. शेवटी त्या पोराने कोणाला तरी मोबाईलवर गाठलं आणि वीस मिनिटांची सुट्टी मिळाली.

भाचा गाडीत पुढच्या सीटवर बसून जेवला. सहा पोळ्या. तोंडात घास असतानाच बोलत होता आणि मला वाटलं आता केळ्याचं सांगेल, लीडरशिप वर्कशॉपचं सांगेल, तर नाही, पाकोळ्या! फुलपाखरं नव्हेत, स्विफ्ट म्हणतात ते पक्षी. पार्क्स रोडला युनिव्हर्सिटीचं नॅचरल हिस्टरी म्युझियम आहे, तिथे डोडोचं डोकं आणि पाय ठेवलाय म्हणून यांना तासभर नेलं होतं, आणि त्या म्युझियमच्या टॉवरमध्ये पाकोळ्यांची घरटी आहेत, कितीतरी दशकं तिथे त्यांचा अभ्यास चाललाय, आत कॅमेरे बसवलेत, घरट्यातलं खाली स्क्रीनवर दिसतं. हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला दांडी मारून परत तिथे गेला आणि तीन तास स्क्रीनसमोर उभा राहिला. "मावशी, त्या उडताउडता झोपतात. दहा-दहा महिने खाली टेकत नाहीत, माहितीये तुला? पुढच्या आठवड्यात-दोन आठवड्यात जातील त्या आफ्रिकेला, मी बरोब्बर वेळेवर आलो." वीस मिनिटांतली अठरा मिनिटं पाकोळ्या. या मुलाला मी जन्मल्यापासून ओळखते, एका दमात एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

म्युझियमला तिकीट नाही बरं का. फुकट आहे. म्हणजे काही किमतीचं नसणार.

शेवटचा सल्ला, गाऊनमधला फोटो विसरू नका. शेवटच्या दिवशी काळा गाऊन घालतात, सर्टिफिकेट देतात, टाळ्या वाजवतात. त्या फोटोचा काय उपयोग ते मला मागच्या रविवारी कळलं, फॅमिली ग्रुपवर. कर्वेनगरात, सोसायटीच्या गेटवर, दहा बाय सहाचा फ्लेक्स. भाचा गाऊनमध्ये, मागे कॉम्प्युटरवर चिकटवलेला घुमट, कोपऱ्यात भाऊजी हात जोडून, आणि मोठ्या अक्षरात, 'ऑक्सफर्ड विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणासाठी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. शुभेच्छुक, समस्त मित्रपरिवार. खाली बेचाळीस जणांचे अंगठे आणि पेढे.

त्याच महिन्यात माझी लेक एका युनिव्हर्सिटीच्या दोन दिवसांच्या केमिस्ट्रीच्या टेस्टरला जाऊन आली. सगळ्यांना खुला होता, ट्रेनचं तिकीट तेवढं आमचं. आली आणि म्हणाली, आई, लॅबमध्ये दिवसभर उभं राहणं मला नाही जमणार, मी केमिस्ट्री घेणार नाही. मला दोन दिवस वाईट वाटलं, एमएस्सी केमिस्ट्री आहे ना मी. मग लक्षात आलं की चव बघून 'नको' म्हणाली पोरगी, यासाठीच तर पाठवलं होतं. तिचा फ्लेक्स कुठे लावू?

भाऊजी, आता सरळच बोलते, ग्रुपवर बोलता येत नाही म्हणून इथे. निवड झालेली नाही. कोणी निवडलेलं नाही, तुम्ही पैसे भरलेत. उद्या तो पोरगा जिथे जाईल तिथे लोक विचारणार, काय रे, ऑक्सफर्डचं काय झालं, आणि त्याने काय उत्तर द्यायचं? खोटं तुम्ही छापलंत आणि निभवायचं त्याने, सोळाव्या वर्षी? दोन आठवडे 'नीट'चा, मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा, क्लास बुडाला म्हणून आल्या आल्या त्याला रविवारीपण बसवताय ना? फोनवर एकदा तरी विचारलंत का त्याला, काय आवडलं तिथे? ताई, तू विचारलंस? मला माहितीये नाही विचारलं, कारण पाकोळ्या म्हटल्यावर तुम्ही दोघांनी मला फोन केला असतात ओरडायला. आणि हे फक्त तुम्हाला नाही म्हणत मी, त्या काकूंनापण म्हणते आणि पुढच्या वर्षीसाठी मला आत्तापासून मेसेज करून "राहायला तुमच्याकडे एक-दोन दिवस येतील मुलं" म्हणणाऱ्या तिघांनापण. नाही होणार मी गार्डियन. मुलाला खरंच काही बघायचं असेल तर चार दिवस माझ्याकडे पाठवा, म्युझियम दाखवते, युनिव्हर्सिटीचा ओपन डे दाखवते, लंडनला ग्रेशम कॉलेजात 1597 पासून फुकट व्याख्यानं चाललीत, एकाला बसवून आणते, पोळी-भाजी घालते, आणि काय आवडलं ते त्यालाच विचारते. गाऊन मिळणार नाही.

तो फ्लेक्स काढा. आज काढा.

आणि ताई, माझा स्टीलचा डबा त्याच्या बॅगेतून पुण्याला आलाय. आईने दिलेला आहे, झाकणावर नाव आहे माझं. तो तेवढा कोणाबरोबर तरी पाठव.