शाळेला ‘नाही’ म्हणणारं मूल नाटक करत नसतं

जूनमध्ये शाळा उघडल्या की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरू लागतो: ‘शाळेत जात नाही म्हणणारी मुलं लाडावलेली. पोटदुखी हे नाटक. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन फटके बसले की सगळी सुतासारखी सरळ.’ हे वाचून कुणीतरी आपल्या मुलावर हात उगारतं, म्हणून उत्तर द्यायला हवं.

आधी पोटदुखी. भीती वाटली की शरीरात ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढतं, आतड्यांची हालचाल बिघडते, मळमळतं, कळ येते. दुखणं खरंच असतं. शाळेची वेळ टळली की मूल खेळू लागतं, रविवारी तक्रारच नसते, आणि आपण म्हणतो, बघा, खोटं बोलत होतं! अहो, भीती ओसरली म्हणून दुखणं थांबलं. (तरी एकदा डॉक्टरांना दाखवावंच.)

लाडावलेली? शाळा बुडवून भटकणारं मूल ते घरच्यांपासून लपवतं. हे मूल तर आईसमोरच रडतंय. घरात आजारपण किंवा भांडणं असली, तर ‘मी नसताना आईला काही झालं तर?’ ही धास्ती लहानग्याला उंबरा ओलांडू देत नाही. मोठ्या मुलांची कारणं वेगळी. व्हॅनमध्ये रोज होणारी चिडवाचिडवी. पाळी आलेली असताना कडी नसलेलं स्वच्छतागृह. वर्गात उभं राहून मोठ्याने वाचण्याची दहशत. वाचायला घाबरणाऱ्या अशा मुलाला कदाचित डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन जड जाण्याची अडचण, असतो, आणि त्याला मात्र ‘आळशी’ म्हटलं जातं.

‘आमच्या वेळी नव्हतं’ हेही खरं नाही. ‘स्कूल फोबिया’ (शाळेची भीती) हा शब्द अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९४१ मध्येच वापरला होता. आपल्याकडे अशा कितीतरी मुलांना ‘याचं शिक्षणात डोकं नाही’ म्हणत शेतावर नाहीतर दुकानात लावलं गेलं. ती सरळ झाली नाहीत, त्यांची नावं पटावरून गेली.

फटक्यांनी भीतीत भरच पडते. शाळेत तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं.

मात्र घरी बसू देणं हाही इलाज नव्हे. जितके दिवस घरी जातील तितकं परतणं अवघड होतं. त्रास शाळेत असेल, तर तो शाळेशी बोलून आधी थांबवा. मग ओळखीच्या बाईंजवळ एक तास, पुढे मधल्या सुट्टीपर्यंत, असं वाढवत न्या. तरीही अडलंच, तर ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, तिथे समुपदेशक मोफत बोलतात.