स, ला, ना, ते

काल संध्याकाळी पाऊण तास बसथांब्यावर उभा होतो. शेजारी मेथीची जुडी धरलेले एक काका. कुणी न विचारता म्हणाले, "बस हा आपलाच शब्द. बसायचं म्हणून बस. इंग्रजांनी उचलला."

गप्प बसायला हवं होतं. नाही बसलो.

"काका, शब्द लॅटिन. ऑम्निबस, म्हणजे सर्वांना, सर्वांसाठी. १८२६ साली फ्रान्समधल्या नाँत शहरात बोद्री नावाच्या गृहस्थाने आपल्या स्नानगृहाकडे गिऱ्हाइकं आणायला घोडागाडी सुरू केली. लोक मधेच चढू-उतरू लागले. आंघोळ राहिली बाजूला, गाडीच चालली."

"आंघोळीला गाडी? घरी पाणी नव्हतं?"

शंका रास्त होती, म्हणून जास्तच चिडलो. "मग १८२९ साली शिलिबियर नावाच्या माणसाने लंडनमध्ये पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड गाडी सोडली. तीन घोडे, २२ माणसं, सगळी आत बसून."

"बसून ना? मग मी वेगळं काय म्हणतोय?"

भाडं एक शिलिंग होतं हे सांगायचं राहूनच गेलं. नाव 'सर्वांसाठी' आणि मजूर पायी! ही परंपरा पहिल्या दिवसापासूनची आहे.

पुढे लोकांनी त्या शब्दाचं मुंडकं उडवलं आणि शेपूट ठेवलं. 'सर्व' हा अर्थ 'ऑम्नि'त. 'बस' हा नुसता चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. आपण शाळेत 'स, ला, ना, ते' घोकलं, त्यातला 'ना' म्हणा. 'सर्वांना'तले सर्व उतरवून द्यायचे आणि 'ना'त चढून ऑफिसला जायचं! बरं, हे शेपूट मिनीला लागलं, ट्रॉलीला लागलं. विजेच्या पॅनेलमध्ये सगळ्या सर्किटांना एकदम वीज पुरवणारी तांब्याची पट्टी असते, ती आधी ऑम्निबस बार, मग बसबार. तिथून ते संगणकात शिरलं. यूएसबी म्हणजे 'युनिव्हर्सल सिरियल बस', त्यातला 'बी' तोच. म्हणजे रोज रात्री आपण मोबाइल चतुर्थीच्या प्रत्ययाला लावून झोपतो.

हे सगळं काकांना ऐकवणार, तोच बस आली. दाराला माणसं लोंबकळलेली. कंडक्टर आतून ओरडला, "बस, बस! मागची रिकामी येतेय!" आणि डबल बेल.

काका तेवढ्यात पुढच्या दाराने ज्येष्ठ नागरिक म्हणून चढलेसुद्धा. खिडकीतून मेथी हलवत म्हणाले, "बघा, बसलो!"

वीस मिनिटांनी मागची आली. खरंच रिकामी होती. पाटीवर लिहिलं होतं, 'आगार'.