तारले कुठे जातात तेही लिहा

‘अन्न-पाण्यावरचा ताण मुख्यतः गरीब देशांतल्या वाढत्या लोकसंख्येमुळे’ हे लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. नुसती तोंडं मोजून भागत नाही, ताटात काय पडतं तेही बघा. एक किलो गोमांसामागे जगाच्या सरासरीने सुमारे १५,००० लिटर पाणी खर्ची पडतं, आणि दरडोई मांस खाण्यात अमेरिका, ऑस्ट्रेलिया कायम वरच्या रांगेत.

आमच्या गोव्यातलंच सांगतो. कुटबणच्या जेटीवर ट्रॉलर लागला की मोठे तारले (सार्डिन मासे) क्रेटमध्ये, बर्फात. बारके, पोट फुटलेले मात्र फावड्याने थेट ट्रकात. ते जातात फिशमीलला, म्हणजे मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्यात. चार-पाच किलो मासळी शिजवून, वाळवून, दळून जेमतेम किलोभर भुकटी मिळते, आणि ती शेततळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात घालतात. भारताच्या गोठवलेल्या कोळंबीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक बरीच वर्षं अमेरिकाच! तारले म्हणजे इथल्या गरिबाच्या हुमणाची, माशाच्या आमटीची मासळी. पिल्लं धरण्यात आमच्या ट्रॉलरवाल्यांचाही दोष आहे, नाही कशाला म्हणू? पण घेणारा असल्याशिवाय कोणी फावडं हातात घेत नाही, आणि अख्ख्या लेखात निर्यातीबद्दल चकार शब्द नाही.