हरीण रात्रभर ‘मुरत’ नाही, सडतं

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलिनाच्या किनारपट्टीत खासगी जमिनीवर हरणांच्या शिकारीचा हंगाम १५ ऑगस्टलाच उघडतो. माझा भाचा चार्ल्स्टनला असतो. यंदा तो ऑफिसातल्या मित्रांबरोबर पहिल्यांदाच धनुष्यबाणाने शिकारीला निघालाय. परवा त्याने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मामा, हे बरोबर आहे ना?’ तोच मेसेज मंडळाच्या ग्रुपवर आधीच फिरत होता, खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

मेसेजचं म्हणणं असं: उकाड्यात हरीण हलतच नाही. हरीण पडलं की घाई करू नका, रात्रभर तसंच राहू द्या, गरम हवेत मांस छान मुरतं, आपले आजोबाही असंच करायचे. वास आला नाही म्हणजे मांस उत्तम. नीट शिजवलं की कुठलाच रोग उरत नाही. आणि मेलेल्या जनावराची गोचीड माणसाला धरत नाही.

यातला ‘रात्रभर राहू द्या’ हा सल्ला कोणाला तरी दवाखान्यात पोचवेल, म्हणून आधी तोच घेतो.

जिवंत हरणाच्या अंगात साधारण १०१ अंश फॅरनहाइट उष्णता असते (पुढचे सगळे अंशही फॅरनहाइटच). मेल्यावर ती लगेच जात नाही. वर दाट केस, खाली कातडी, आणि पोटात अर्धवट पचलेल्या पाल्याने गच्च भरलेला कोठा. ऑगस्टमध्ये त्या भागात रात्रीसुद्धा पारा सहसा ७० च्या खाली उतरत नाही. गरम भाताच्या पातेल्यावर गोधडी टाकून ठेवावी, तशी त्या धडाची गत होते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम सरळ आहे: नाशवंत अन्न ४० ते १४० अंशांच्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ९० च्या वर असेल तर फक्त एक तास. या पट्ट्यात काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हा नियम स्वयंपाकघरासाठी लिहिलाय, तिथे निदान मांस साफ केलेलं असतं. इथे तर आतडी आतच आहेत. मग रात्रभराचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

मांस मुरवतात हे खरं आहे. पण ते ३४ ते ४० अंशांत, आतडी काढून, थंड खोलीत. ऑगस्टच्या रात्री झाडाखाली जे होतं त्याला सडणं म्हणतात.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. बाण कोठ्यात किंवा आतड्यात लागला असेल, तर लगेच मागे धावू नये हे खरंच. उठवलेलं हरीण लांब पळतं आणि मग सापडत नाही, म्हणून जाणते शिकारी अशा वेळी काही तास थांबतात. मेसेजवाल्याने बहुधा तेच कुठेतरी ऐकलं आणि सगळ्याच शिकारीला लावून टाकलं. बाण छातीत, फुप्फुसांत लागला असेल तर अर्धा तास पुरतो, मग रक्ताचा माग धरून निघायचं. आणि पोटात लागलेल्या हरणासाठी उकाड्यात थांबावं लागलं, तर मांस हातचं जाऊ शकतं हे समजून थांबायचं. म्हणूनच या दिवसांत तिरका, लांबचा, शंकेचा बाण सोडूच नये.

हरीण सापडलं की तिथेच पोट उघडायचं. पातं वरच्या बाजूला, खालून दोन बोटांनी कातडी उचलून धरायची, म्हणजे कोठा फुटत नाही. छातीखालचा पडदा कापून हात वर घालायचा, श्वासनळी तोडायची आणि सगळं एकदम बाहेर ओढायचं. धड पालथं करून रक्त निथळू द्यायचं. पोकळीत गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. घरी नेऊन कातडी लगेच सोलायची, फरे सुटे करायचे, कूलरमध्ये, म्हणजे बर्फाच्या पेटीत, बर्फावर ठेवायचे आणि कूलरची तोटी उघडी ठेवायची, नाहीतर मांस पाण्यात भिजत पडतं.

आजोबांचं नाव तर यात घ्यायलाच नको होतं. कोकणात १९७२ च्या वन्यजीव कायद्याआधी ज्या पारधी व्हायच्या, त्यांत हाका संपला की सावज तिथल्या तिथे फोडून वाटे पडायचे. वाटा घरी आला की त्याच रात्री चुलीवर चढायचा, उरलेलं मीठ-हळद लावून धुरावर टांगायचं. बर्फ नव्हता म्हणूनच ती माणसं घाई करायची.

‘वास नाही म्हणजे उत्तम’ हेही चूक. माणसाला आजारी पाडणाऱ्या जिवाणूंचा वास यायलाच हवा असं नाही. शिवाय सडणं सुरू होतं ते आतून, मांडीच्या हाडाच्या सांध्याशी. मी एका शेडमध्ये टांगलेला मागचा फरा पाहिलाय. बाहेरून लाल, स्वच्छ, नाक लावलं तरी काही नाही. सुरी हाडापर्यंत गेली तेव्हा आतलं मांस राखाडी-हिरवं निघालं आणि दर्प शेडभर झाला.

शिजवण्याबद्दल. जिवाणू शिजवल्याने मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष तसंच राहतं. आणि हरणांचा जो क्षयकारी रोग आहे, ज्याला अमेरिकेत सगळे सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) म्हणतात, तो जिवाणूंचा नाहीच. तो प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, आणि ते ना शिजवल्याने जातं ना गोठवल्याने. १९६७ मध्ये कोलोरॅडोत तो पहिल्यांदा दिसला, जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या जॉर्जियात पोचला. माणसाला झाल्याची एकही खात्रीची नोंद नाही, हेही सांगतो, उगाच घाबरवायचं नाही. तरी सीडीसीचा, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेचा, सल्ला स्पष्ट आहे: रोग सापडलेल्या हरणाचं मांस खाऊ नका. राज्याच्या वन्यजीव खात्याकडे तपासणीची सोय असेल तिथे नमुना द्या आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीजरमध्येच राहू द्या.

हरीण हलत नाही म्हणे! भर दुपारी ते सावलीत बसतं, एवढंच खरं. पहाटे आणि संध्याकाळी ते चरायला निघतंच. उलट या दिवसांत नर टोळीने फिरतात, बसायची आणि चरायची जागा ठरलेली असते, त्यामुळे माग काढणं सोपं जातं.

राहिली गोचीड. धड थंड पडू लागलं की ती उतरते आणि जवळचं गरम अंग शोधते, म्हणजे हरीण ओढणाऱ्याचंच. दक्षिणेतली लोन स्टार जातीची गोचीड चावल्यावर काहींना अल्फा-गॅल नावाची ॲलर्जी होते. मटण किंवा बीफ खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, कधी श्वास कोंडतो. २०१० पासून अमेरिकेत साडेचार लाखांपर्यंत लोकांना ती झाली असावी, असा सीडीसीचा अंदाज आहे. कपड्यांना आणि बुटांना आधीच परमेथ्रिन हे कीटकनाशक लावा, अंगाला नाही. घरी आल्यावर कपडे दहा मिनिटं ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर फिरवा. आणि काखा, जांघा, गुडघ्यांमागची जागा दुसऱ्या कोणाकडून नीट तपासून घ्या.